लघवीच्या बाटल्यांचा बर्फ

हॉस्टेलात आम्हाला नावानं कुणी हाक मारत नसे. गावावरून हाका. मी मुदखेडची, पण मुदखेड लोकांना गाडी बदलायचं ठिकाण म्हणून माहीत, राहायचं म्हणून नाही, त्यामुळे मी 'नांदेड'. आणि खिडकीजवळच्या कॉटवरची ती 'उदगीर'.

या उदगीरचा मी एक अख्खा उन्हाळा हेवा केला. येता-जाता नाही, मन लावून. पत्रकं लिहिणारीला गोल बोलता येत नाही, म्हणून सरळ सांगते : त्या हेव्यापायी सतरा बायकांचं काम गेलं, आणि त्यात माझी सख्खी मावशी होती. ते कसं गेलं आणि परत मिळवायला काय करावं लागलं, तेवढंच इथे लिहायचं आहे.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कचेरीच्या कागदांवर वर उस्मानाबाद छापलेलं, त्यावर निळ्या शाईची रेघ आणि शेजारी लातूरचा रबरी शिक्का. आमचं फार्मसी कॉलेजही तसंच घाईघाईचं. एका डाळमिलच्या गोदामात पत्र्याखाली भरायचं. जिल्हा जाहीर करणाऱ्यांनी पाटी रंगवली, फीत कापली, आणि पाणी कुठून येणार हे विचारायला विसरले. मग दुष्काळ पडला तेव्हा अख्खं गाव टँकरच्या मागे धावू लागलं. 'जिल्हा दिलात, पाणी कुठाय?' हे माझं पहिलं पत्रक. छपाईचं स्टेन्सिल मीच कापलं होतं. आमच्या विद्यार्थी संघटनेत कापायला दुसरं कुणी बसत नसे.

प्रयोगशाळेत शुद्ध पाणी करायचं यंत्र होतं. वाफ करायची, थंड करायची, थेंब थेंब गोळा करायचा. एक बाटली शुद्ध पाणी मिळवायचं तर ते यंत्र थंड ठेवायला चार-पाच बादल्या साधं पाणी वाहून जातं. एरवी ते मोरीत जायचं. त्या वर्षी नळीचं तोंड बादलीत सोडलं आणि ते कोमट पाणी हॉस्टेलच्या आंघोळीला जाऊ लागलं. यंत्राची किल्ली सरांनी कुणाला दिली? उदगीरला.

"ए नांदेड, तुझी बादली कुठाय? पुढं सरक ना."

"मी नंतर घेईन."

"नंतर कुठलं गं? मग म्हणशील उदगीरनं मला वगळलं."

तिनं कधीच कुणाला वगळलं नाही. भिंतीवर खडूनं यादी होती, रोज क्रम बदलायचा, तिची स्वतःची बादली बहुतेक वेळा शेवटी. हेच मला सहन होत नव्हतं. ती लबाड असती तर माझं काम सोपं होतं, मी लबाडांविरुद्ध लिहायला शिकले होते.

आता प्रयोगाचं सांगते, कारण सगळं त्यावर उभं आहे.

अंगाला न मानवणारी गोष्ट नाकातोंडातून, कातडीतून आत आली की आपल्याच काही पेशी हिस्टामीन नावाचा पदार्थ सोडतात. नाक गळणं, डोळे सुजणं, अंगावर गांधी उठणं, ही त्याची करणी. ते मोजायचं कसं? रक्तात मोजावं तर सुई टोचताना पेशी फुटल्या तरी आकडा वाढतो. म्हणून आमचे सर म्हणायचे, लघवीत मोजा, अंगात सुटलेल्यातलं थोडं तिथे उतरतं. मोठ्या शहरांत त्यासाठी प्रकाशाचं यंत्र असतं : हिस्टामीनला एका रसायनाशी जोडतात, ते चमकतं, आणि ती चमक मोजतात. आमच्याकडे यंत्र नव्हतं. आमच्याकडे गिनीपिगचं आतडं होतं.

बोटभर आतड्याचा तुकडा कापून काचेच्या नळीत टांगायचा. नळीत मीठ-साखरेचं कोमट पाणी, त्यात हवेचे बुडबुडे. आतड्याचं एक टोक खाली बांधलेलं, दुसऱ्या टोकाचा दोरा एका हलक्या तरफेला. तरफेचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेलं, आणि तो कागद एका संथ फिरणाऱ्या ढोलावर. नळीत हिस्टामीनचा थेंब टाकला की आतडं आक्रसतं, तरफ उठते आणि काळ्या कागदावर पांढरा सुळका ओढला जातो. जितकं हिस्टामीन, तितका सुळका उंच. आधी ठाऊक असलेल्या मापाचे थेंब टाकून दोन सुळके काढायचे, एक बुटका, एक उंच. मग अनोळखी नमुना टाकायचा आणि तो त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते पाहायचं. लघवी तशीच टाकत नाहीत, आधी तिच्यातून हिस्टामीन वेगळं काढून घ्यावं लागतं. त्यातच दिवस जातो.

माझ्या हातात आतडं टिकायचं नाही. मी दोरा ओढायची, ते ताणलं जायचं, आणि ताणलेलं आतडं मग काहीही टाका, ढिम्म. उदगीर मात्र गळ्यातलं चांदीचं लिंग आधी पदराआड सरकवायची, मग वाकायची, दोन बोटांनी गाठ मारायची. आतड्याला कळायचंसुद्धा नाही.

"हिचे हात बघा," एकदा सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "नांदेड, तू भाषण कर. आतडं हिला बांधू दे."

वर्ग हसला. उदगीरही हसली, पण लगेच माझ्याकडे बघून थांबली. तिनं थांबायला नको होतं. हसली असती तर बरं झालं असतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. पावसाळ्यात हैदराबादच्या एका संस्थेत ते प्रकाशाचं यंत्र शिकायला सर एकीला पाठवणार होते. जागा एकच.

माझ्याकडे हात नव्हते, पण प्रश्न होता. मुदखेडपासून कोसभरावर रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चाललं होतं. तलावाची जागा गाजरगवतानं भरलेली. सगळा मुलूख वाळला तरी ते हिरवंच. खोदायच्या आधी ते उपटायचं, आणि उपटायचं बायकांनी, नुसत्या हातांनी. माझी मावशी त्या टोळीत होती. कोपरापर्यंत हात लाल, पापण्या सुजलेल्या, शिंका थांबत नाहीत. मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, उन्हानं होतंय. मला वाटलं, लघवीतलं हिस्टामीन मोजून आकडाच तोंडावर फेकावा. मग कोण म्हणेल उन्हानं होतंय?

सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चांगलं आहे. उदगीरला घेऊन जा."

म्हणजे प्रश्न माझा, गाव माझं, मावशी माझी, आणि जाणार उदगीर.

चैत्रात आम्ही गेलो. लातूरहून एसटीनं नांदेड, तिथून पॅसेंजरनं मुदखेड. उदगीरनं पत्र्याचा एक डबा आणला होता, आत लाकडाचा भुसा, झाकणावर पांढऱ्या रंगात 'उदगीर' लिहिलेलं. तिच्या वडिलांच्या आडतीतला. मुदखेड स्टेशनाबाहेर बर्फाच्या गोळ्याची गाडी लागते, तिथून अर्धी लादी घेतली. बाटल्या बर्फात राहिल्या पाहिजेत, हे तिनं वाटेत मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

आदल्या संध्याकाळी मावशीच्या वस्तीत बाटल्या वाटल्या होत्या. सकाळी त्या भरून कामावर आल्या. बायका लाजत, हसत, पदराखालून बाटली काढत होत्या.

"ही कुणाची गं?" मावशीनं उदगीरकडे बोट केलं.

"माझ्या वर्गातली."

"उदगीरची हाय मी, मावशी," ती म्हणाली आणि खाली बसली.

"शिवाची भक्तीन दिसतीस. गळ्यात देव हाय तुझ्या."

"हाय ना. तुमच्या मुठीत गवत, माझ्या गळ्यात देव, बघू कोण जास्त टोचतंय."

बायका खळाळून हसल्या. आणि मग ती जे करायला नको होतं ते करून बसली : पदर खोचून तासभर त्यांच्याबरोबर गवत उपटलं. मी सावलीत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मी त्या बायकांसाठी दोन पत्रकं लिहिली होती, पण गवताला हात लावला नव्हता. निघताना मावशीनं भाकरी बांधून दिली. तिच्या हातात, माझ्या नाही.

"लई गुणाची पोर," मला म्हणाली. जणू मला तिची ओळख आजच झाली होती.

लातूरला येऊन उदगीरनं नमुने लावले. बरोबर हॉस्टेलच्या मुलींचेही लावले, तुलनेसाठी. काजळी पुसू नये म्हणून लाखेत बुडवलेले कागद वाळले तेव्हा दिसलं ते असं की मावशीच्या टोळीत आणि आमच्या हॉस्टेलात काही फरक नव्हता. त्याच दोन सुळक्यांच्या मध्ये सगळे.

"म्हणजे माझी मावशी खोटं बोलतेय?"

"तसं म्हटलं का मी? लघवीत उतरत नसेल. खाज कातडीतली असेल, कातडीतच राहात असेल."

"आतडं चुकलं असेल."

"आतड्याला तुझी मावशी ठाऊक नाही गं. ते कुणाची बाजू घेत नाही."

हे वाक्य मला झोंबलं. बाजू न घेणाऱ्या माणसांचा मला तेव्हा फार राग यायचा. अजूनही येतो, थोडा कमी.

मी सरांकडे गेले. पुन्हा नमुने आणायचे, आणि मी एकटीच जाणार, असं सांगितलं. सर म्हणाले, जा. उदगीरनं डबा दिला. "बर्फ," ती म्हणाली. मी डबा हिसकल्यासारखा घेतला.

वैशाख लागला होता. सगळं पहिल्यासारखंच केलं, संध्याकाळी बाटल्या, सकाळी बर्फ, सतरा बाटल्या बर्फात एका ओळीत. घाईनं निघाले असते तर सकाळची पॅसेंजरही मिळाली असती. पण दुपारपर्यंत थांबले, बायकांशी बोलायला. पत्रकासाठी मजकूर हवा होता. टँकर आला नव्हता. रांजणातलं पाणी तळाला गेलं होतं आणि चहाइतकं गरम.

"ह्या डब्यात काय हाय गं?" मावशीनं विचारलं.

"बर्फ."

"कशापायी?"

"तुमच्या बाटल्यांसाठी."

मावशीनं डब्याकडे पाहिलं, मग रांजणाकडे. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "आमच्यापरीस आमच्या मुताचं नशीब बरं हाय म्हनायचं."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. माझ्यातलं पत्रक उभं राहिलं. मी दगडावर चढले, खरंच चढले, आणि म्हणाले की माणसाला प्यायला थेंब नाही आणि माणसाच्या मुताला बर्फ, हे कुठलं शास्त्र? असलं शास्त्र आपल्याला नको! बाटल्या बाजूला काढल्या. खडी फोडायच्या हातोड्यानं लादी फोडली आणि ओंजळी भरून वाटली. बायकांनी बर्फ चोखला, पापण्यांवर धरला, लाल झालेल्या हातांवर फिरवला. "ओ माय, जीव आला गं," असं एकजण म्हणत राहिली. पुन्हा पुन्हा तेच.

मला त्यांच्या तहानेचं वाईट वाटत होतं. ते खरं आहे. पण त्याहून जास्त खरं हे आहे की बर्फ वाटताना मी मनात म्हणत होते, आता या बायका उदगीरला विसरतील.

स्टेशनवर पुन्हा बर्फ घ्यायचं ठरवलं होतं. गोळ्याची गाडी गेली होती. पॅसेंजर लागलेली होती. मी चढले. नांदेडला एसटीची वाट पाहण्यात दोन तास गेले, अहमदपूरच्या पुढे टायर बसला, लातूरला पोचले तेव्हा कॉलेजला कुलूप. डबा रात्रभर माझ्या कॉटखाली राहिला. सकाळी उठून गंजगोलाईच्या बाजारात गेले, वाटीभर बर्फ आणला आणि बाटल्यांभोवती पसरला.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. बायकांना बर्फ देणं ही चूक होती. सकाळचा बर्फ ही चूक नव्हती, लबाडी होती.

"बर्फ पुरला का वाटेत?" उदगीरनं डबा उघडत विचारलं.

"दिसत नाही का?"

पहिला नमुना टाकला आणि तरफ कागदाच्या वरच्या काठाला जाऊन आपटली. उदगीर दचकली. तिनं नमुना पातळ केला, पुन्हा टाकला, पुन्हा तरफ वर. आणखी पातळ केला. तेव्हा कुठे सुळका कागदात मावला. मग तिनं सरांनी शिकवलेली खात्री केली : नळीत आधी हिस्टामीनला अडवणारं ॲलर्जीवरचं औषध घातलं, मग तोच नमुना. तरफ हलली नाही. म्हणजे ते दुसरं-तिसरं काही नव्हतं, हिस्टामीनच होतं. सतरापैकी चौदा बायकांचं तसंच.

सर चष्मा कपाळावर सरकवून कागद बघत राहिले.

"मग पहिल्या वेळी तुझ्या हातून निसटलं की काय, उदगीर? वेगळं काढताना?"

ती म्हणाली, "कळत नाही, सर." आणि आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"असू दे. हैदराबादचं आपण जरा थांबून ठरवू." आणि मग माझ्याकडे वळून, "छान काम केलंस."

दोन वर्षांत पहिल्यांदा. मी त्या तीन शब्दांवर आठवडाभर जगले.

पत्रक त्याच संध्याकाळी कापलं. 'लघवी बोलली, सरकार कधी बोलणार?' सतरा बायकांची नावं छापली, माझ्या मावशीचं पहिलं. नावं छापली म्हणजे धार येते, असं आम्हाला शिकवलेलं. नांदेडला तहसील कचेरीत, कलेक्टर कचेरीत, बसस्टँडवर, सगळीकडे वाटलं. उदगीरनंही एक मागून घेतलं. वाचलं, घडी घातली, पुस्तकात ठेवलं. त्या दिवसांत ती बादल्यांची यादीसुद्धा दुसरीला लिहायला लावायची. मला वाटलं, जळतेय. माझ्या मनात जे होतं तेच मला सगळ्यांच्या मनात दिसायचं.

पंधरा दिवसांनी मी गावी गेले, पत्रकाचं काय झालं ते बघायला. भर दुपारी मावशी घरात होती. कामाच्या वेळी घरात.

"मावशी, बरं नाही का?"

"बरं न्हाई असं तूच छापलंस की."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तहसीलमधून मुकादमाकडे कागद आला : पत्रकात नावं असलेल्या स्त्रिया आजारी असल्याचं दिसतं, सबब त्यांना कामावर घेऊ नये. मुकादमानं सतराही नावं मस्टरवरून काढली. गवत उपटायला दुसऱ्या वस्तीतल्या बायका लावल्या.

"पर आजारी हाव का आम्ही?" मावशी म्हणाली. "खाजतंय. ते तर आधीबी खाजत व्हतं. तवा खाजवत काम तरी करून राहिलो व्हतो."

"मी त्यांना सोडणार नाही. दुसरं पत्रक काढते."

"नगं गं बाई!" तिनं दोन्ही हात जोडले. माझ्या आईपेक्षा मोठी बाई. "तुझ्या एका कागदानं घरी बशिवलं. दुसऱ्यानं कुठं बशिवशील?"

परतीच्या एसटीत मी तरीही मथळे जुळवत होते. तहसीलचा नालायकपणा, मुकादमाचा डाव. माझं काही चुकलं असेल हे डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

लातूरला प्रयोगशाळेत गेले तर उदगीर एकटी होती. दोरीवर काजळीचे दोन कागद चिमटे लावून वाळत होते, लाखेचा वास सुटला होता. ती म्हणाली, "ये. हे बघ."

एका कागदावर सुळका बुटका. दुसऱ्यावर उंच, माझ्या बायकांइतकाच.

"ही कोण?" मी विचारलं.

"दोन्ही मीच. एकच बाटली, दोन भाग केले. एक फ्रिजमध्ये ठेवला, एक त्या खिडकीत, दिवसभर आणि रात्रभर." तिनं उन्हाकडे बोट केलं. "एका दिवसात मी एवढी आजारी पडले का?"

मी दोन्ही कागद पुन्हा पाहिले.

"लघवीत जंतू शिरतात. गरमीत वाढतात आणि तिथंच हिस्टामीन बनवतात. बाटलीत. बाईच्या अंगात नाही." मग ती माझ्याकडे न बघता, कागदाचा चिमटा नीट करत म्हणाली, "बर्फ होता ना, नांदेड?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिच्याकडे पुरावा नव्हता. सर माझ्या बाजूनं होते. हैदराबाद माझं होतं. पण मावशीचे जोडलेले हात डोळ्यांसमोरून जाईनात. आकडा खरा राहिला तर त्या सतराजणी आजारी राहणार होत्या. आकडा पडला तरच त्या कामावर जाणार.

"नव्हता," मी म्हणाले. "बायकांना वाटला. सकाळी गंजगोलाईतून नवा आणून लावला."

मला वाटलं ती समजून घेईल. ती तशीच होती ना, गुणाची. ती भडकली.

"अव्वा! आणि मी पंधरा दिवस माझे हात बघूलाले! रोज सकाळी उठून बघूलाले, थरथरतात का म्हणून! आतडं बांधायची मला भीती बसली. बर्फ वाटलास ते वाटलास, मीसुद्धा वाटला असता. पण मला सांगायला काय झालं होतं? तोंड नाही तुला? सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल एवढं तोंड हाय की!"

ती रागात असतानाही बरोबर बोलत होती, त्याचाही मला हेवा वाटला. असं असतं ते.

"सरांना तू सांगायचं," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

सांगितलं. वर्गासमोर सांगितलं, कारण तिच्या हातांवर वर्गासमोरच बोट ठेवलं गेलं होतं. हैदराबादचं पुन्हा कधी बोलणं निघालं नाही; उदगीर जाणार हे सगळ्यांना कळलं होतं.

पण मस्टर सरांच्या हातात नव्हतं. त्यासाठी पत्रकच काढावं लागणार होतं, आणि मला आयुष्यात दुसऱ्यांच्या चुका लिहायची सवय. मथळाच सुचेना. संघटनेतल्यांनी तर घर डोक्यावर घेतलं. "स्वतःविरुद्ध कुणी छापतं का? विरोधक नाचतील." मी म्हटलं, नाचू द्या, माझी मावशी घरी बसलीय. शेवटी मथळा दोनच शब्दांचा झाला : 'आमची चूक'. खाली लिहिलं की बाटल्यांना बर्फ नव्हता, आकडा बाटलीतला होता, बायकांच्या अंगातला नव्हता. बायकांना खाज आहे, डोळे सुजलेत, ते कुणीही जाऊन बघावं. पण त्या कामाला अपात्र आहेत असं आम्ही म्हटलं नव्हतं, म्हणणार नाही. नावं मस्टरवर घ्या आणि गवत नुसत्या हातांनी उपटायला लावू नका. यावेळी बायकांची नावं छापली नाहीत. एकच नाव खाली, माझं.

तहसीलमधल्या कारकुनानं दोन्ही पत्रकं शेजारी-शेजारी ठेवली.

"खरं कोणतं धरायचं, बाई?"

"दुसरं."

"पहिल्यावर सही कुणाची?"

"माझी."

"अन् दुसऱ्यावर?"

"माझीच."

"निदान एखादी सही वेगळी तरी करायची," तो म्हणाला. तीन खेपा घातल्यावर कागद निघाला. नावं परत चढली. आणि त्याच कागदात खाली हेही होतं की सदर स्त्रिया निरोगी असल्यानं गवत काढण्याचं काम त्यांच्याकडेच पूर्ववत सोपवावं. मी तिथंच उभ्या उभ्या भांडले. कारकून म्हणाला, आजारी म्हणता, घरी पाठवलं. निरोगी म्हणता, कामावर घेतलं. आता अजून काय पाहिजे? त्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच होतं, आणि या राज्यात फाईल अशीच चालते, हे मी आजही छापायला तयार आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी उदगीर हैदराबादला गेली. जाताना माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. दोनच गोष्टी सांगितल्या. एक, आतड्याला विचारणं सोड, कातडीला विचार. त्या गवताचं पान बायकांच्या पाठीला दोन दिवस चिकटवून डॉक्टरला दाखव. दुसरी, पुन्हा कधी लघवी आणायची झाली तर बाटलीत आधीच आम्लाचे थेंब घालत जा, त्यात जंतू वाढत नाहीत.

"बर्फावर भरवसा नाही म्हणून?" मी विचारलं.

"बर्फावर आहे," ती म्हणाली आणि शुद्ध पाण्याच्या यंत्राची किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्यानंतर मी गावी गेले. पाऊस अजून नव्हता. मावशी कामावर होती, हातांना पोत्याचे तुकडे गुंडाळून गवत उपटत होती. ती युक्ती बायकांनी स्वतःच काढलेली. तहसीलच्या कागदात नाही, माझ्या पत्रकातही नाही. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत, पण रागही नव्हता.

"ती उदगीरची पोर कवा येनार गं?"

"नाही येणार. हैदराबादला गेली."

"लई इमानी पोर. त्या दिशी बर्फ धाडला तिनं आमच्यासाठी. कुणी धाडतं का असं? आमी सगळ्या रोज काढतो तिची आठवण."

"तिनं?"

"मग? डबा तिचाच व्हता की. नाव व्हतं वर, मुकादमानं वाचून दाखिवलं."

म्हातारी पलीकडून म्हणाली, "जीव आला व्हता त्या दिवशी. देव भलं करो पोरीचं."

मी तोंड उघडलं. बर्फ मी फोडला होता, दगडावर मी उभी होते, माझे हात गारठले होते. सतराजणींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तोंड मिटलं. एका उन्हाळ्यात एक दुरुस्ती पुरे झाली.

"सांगते तिला," मी म्हणाले, आणि खाली बसून पोत्याचा एक तुकडा हाताला गुंडाळायला घेतला. गाठ मला धड बसेना. मावशीनंच मारून दिली.